मोठं आरपीजी एक्स्पान्शन घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभं राहिल्यावर रात्री साडेनऊनंतरचे दीड तास माझे असतात. गेली बारा-तेरा वर्षं ते बहुतेक आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या गेम्समध्ये जातात, हे आता गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे भाचा, त्याचे मित्र, शेजारची पोरं आणि हल्ली त्यांचे आई-वडीलसुद्धा मलाच विचारतात, अमुक गेमचं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा मोठा नवा भाग आलाय, घेऊ का? दीड-दोन हजार रुपये आमच्या घरांत छोटी रक्कम नाही. शिवाय महिना-दोन महिन्यांच्या रात्री त्यात जातात, त्या वेगळ्याच. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

भावा, सरळ सांग. घेऊ की नको?

दोन गोष्टींचं खरं उत्तर दे. मूळ गेम संपवलास का? आणि संपल्यावर, शेवटची नावं पडद्यावरून जात असताना, "अजून थोडं असतं तर" असं वाटलं का? दोन्हीला "होय" असेल तर घे. खाली जे लिहिलंय ते फक्त कधी आणि कसं घ्यायचं यासाठी वाच. पहिल्याला "नाही" असेल तर आज घेऊ नकोस. पहिल्याला "होय" आणि दुसऱ्याला "नाही" असेल, म्हणजे गेम संपवला पण संपल्यावर सुटलो असं वाटलं, तर एक्स्पान्शन कितीही गाजलेलं असो, ते तुझ्यासाठी नाही. एक्स्पान्शन म्हणजे त्याच जेवणातली पुढची वाढ असते. पोट भरलेल्या माणसाला आग्रह करून वाढण्यात काही अर्थ नसतो.

एक्स्पान्शन आणि डीएलसी एकच ना?

डाउनलोड करून मूळ गेमला जोडता येणारी कुठलीही गोष्ट डीएलसी. त्यातलं जे मोठं, म्हणजे नवी जागा, नवी माणसं, स्वतःची सुरुवात आणि शेवट असलेली गोष्ट, त्याला एक्स्पान्शन म्हणतात. 'ऑब्लिव्हियन' या गेमने दोन्ही टोकं दाखवली. २००६ मध्ये त्यासाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं आणि लोक खवळले. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, 'शिव्हरिंग आइल्स' आलं आणि त्यात अख्खा नवा प्रदेश होता. त्याआधी १९९९ चं 'टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट' किंवा २००१ चं 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' अशी एक्स्पान्शन्स खोक्यात घालून दुकानात विकली जायची. खोक्यात घालण्याइतका माल भरावाच लागायचा.

आज नावावरून काही कळत नाही. दुकानाच्या पानावर तीन गोष्टी शोधा. नवा नकाशा आहे का, गोष्ट नवी आहे का, आणि खेळण्याची पद्धत कुठे बदलते का. तिन्ही नसतील आणि फक्त कपडे, तलवारी, घोड्याचा साज असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

मूळ गेम अर्ध्यात सोडलाय. एक्स्पान्शनमुळे पुन्हा गोडी लागेल का?

माझ्या अनुभवात नाही लागत. शिवाय पुष्कळदा दारच उघडत नाही. 'एल्डन रिंग'चं 'शॅडो ऑफ द एर्डट्री' २१ जून २०२४ ला आलं. त्यात शिरायचं तर मूळ गेममधले दोन मोठे बॉस, म्हणजे तगडे शत्रू, स्टारस्कर्ज रादान आणि मोग, आधी हरवावे लागतात. एक्स्पान्शन आलं त्या वेळी स्टीमवर, म्हणजे पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानावर, मोगला हरवलेल्यांची संख्या निम्म्याहून कमी होती. म्हणजे घेण्याचा विचार करणाऱ्यांतल्या कित्येकांना पैसे भरूनही उंबऱ्याबाहेरच उभं राहावं लागणार होतं.

काही गेम मधली वाट देतात. 'विचर ३'ची दोन्ही एक्स्पान्शन्स मुख्य मेनूमधून थेट सुरू करता येतात, तयार लेव्हलच्या नायकासकट, म्हणजे गेराल्टसकट. 'सायबरपंक २०७७'मध्येही नवा गेम सुरू करताना थेट 'फॅन्टम लिबर्टी'पाशी जाता येतं. मी मात्र ही वाट कुणाला सुचवत नाही. माणसं ओळखीची नसतील तर त्यांचं बरं-वाईट मनाला लागत नाही.

एक गोष्ट मात्र जरूर करा. मोठं एक्स्पान्शन येतं तेव्हा मूळ गेमलाही बहुतेक वेळा फुकट पॅच, म्हणजे दुरुस्ती, मिळतो. सायबरपंक १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा तो चुकांनी भरलेला होता, ते आठवत असेल. २१ सप्टेंबर २०२३ ला आलेल्या २.० पॅचने कौशल्यं वाढवण्याची रचना, पोलीस, चिलखत सगळं नव्याने बांधलं. तेही विनामूल्य, आणि 'फॅन्टम लिबर्टी'च्या पाच दिवस आधी. त्यामुळे अर्धवट सोडलेला गेम आधी पॅच करून आठवडाभर खेळा. गोडी लागायची असेल तर तिथेच लागेल आणि खिशातून एक रुपया जाणार नाही.

किती तासांचं आहे? तासाला किती रुपये पडतात, असा हिशेब करतो मी.

हा हिशेब मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो बहुतेकदा चुकीच्या ठिकाणी नेतो, म्हणून सविस्तर लिहितो.

'विचर ३' मे २०१५ मध्ये आला. त्याचं पहिलं एक्स्पान्शन 'हार्ट्स ऑफ स्टोन' त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, आणि दुसरं 'ब्लड अँड वाइन' ३१ मे २०१६ ला. बनवणाऱ्या पोलिश कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की पहिलं साधारण १० तासांचं आणि दुसरं २० तासांचं. अमेरिकेत किमतीही त्याच प्रमाणात होत्या, १० डॉलर आणि २० डॉलर. तासाच्या हिशेबाने दोन्ही सारखीच. खेळताना मात्र ती अगदी वेगळी निघतात.

'हार्ट्स ऑफ स्टोन'मध्ये नकाशा बराचसा जुनाच आहे, थोडा वाढवलेला. पण त्याचा खलनायक गॉन्टर ओ'डिम हा मूळ गेमच्या पहिल्या गावात, खाणावळीत, आपल्याला भेटून गेलेला असतो. साधा फिरस्ता विक्रेता वाटतो तो. पन्नास-साठ तासांनी तो परत समोर येतो आणि तेव्हा कळतं की आपण कुणाशी बोललो होतो. यात एका गावातलं लग्न आहे. गेराल्टच्या अंगात एका रात्रीपुरतं एका रंगेल सरदाराचं भूत शिरतं आणि हा एरवी गप्प असणारा माणूस वऱ्हाडात नाचतो, डुकरं हाकून कुंपणात घालतो, पाण्यात बुडी मारून बूट शोधून आणतो. आपल्याकडच्या लग्नातला एखादा दूरचा मामा डोळ्यांसमोर येतो. रात्र संपताना भुताला जायचं नसतं. तो प्रसंग झाल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. १० तासांत हे आहे.

'ब्लड अँड वाइन'मध्ये तूसाँ नावाचा अख्खा नवा प्रदेश आहे, द्राक्षमळे आहेत, गेराल्टला स्वतःचं घर मिळतं. २०१६ च्या गेम अवॉर्ड्समध्ये या एक्स्पान्शनला सर्वोत्तम आरपीजीचा पुरस्कार मिळाला, पूर्ण गेम्सना मागे टाकून. तेही मी दोनदा खेळलोय. पण त्याच्या २० तासांतले काही तास नकाशावरच्या प्रश्नचिन्हांमागे धावण्यात जातात, आणि ते तास मला १० तासांतल्या त्या एका लग्नाच्या बरोबरीचे वाटत नाहीत. मिसळीची किंमत कुणी पावाच्या स्लाइस मोजून करत नाही, कट कसा आहे ते बघतो. एक्स्पान्शनचंही तसंच बघावं.

तास मोजायचे तर दुसऱ्या कारणासाठी मोजा. आठवड्याला तुमच्याकडे खरे किती तास आहेत? मला चार रात्री दीड-दीड तास, म्हणजे सहा तास मिळतात. २० तासांचं एक्स्पान्शन मला साडेतीन आठवडे पुरतं आणि ४० तासांचं जवळजवळ सात आठवडे. गोष्टीचा धागा तेवढे दिवस डोक्यात टिकणार असेल तरच मोठं घ्या. कामाचा माणूस असाल तर छोटं आणि घट्ट विणलेलं एक्स्पान्शन जास्त लाभतं.

वर्ष झालं गेम सोडून. जुना सेव्ह उघडू की नव्याने सुरू करू?

जुना सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर साठवलाय ती फाइल, उघडा, पण लगेच एक्स्पान्शनमध्ये शिरू नका.

मागच्या पावसाळ्यात 'एल्डन रिंग'चा चौदा महिने बंद असलेला सेव्ह मी उघडला. गडी मोगच्या महालात उभा होता. घोड्याची शिट्टी वाजवायला गेलो आणि तो औषधाची बाटली प्यायला. परत प्रयत्न केला, परत बाटली. तेवढ्यात समोरच्याने दोन फटक्यांत आडवा केला. पिशवीत तीन तलवारी पूर्ण घासून-पुसून वाढवलेल्या होत्या, पण त्यातली कुठली कशासाठी ठेवली होती ते काही केल्या आठवेना. वर्षभर तालमीचं तोंड न पाहिलेल्या पैलवानाला कुणी थेट खासबागेत उतरवत नाही, आधी जोर-बैठका आणि हौद्यात चार दिवसांचा सराव. मीही तेच केलं. अगदी सुरुवातीच्या लिमग्रेव्ह प्रदेशात परत गेलो आणि दोन रात्री तिथल्या साध्या शिपायांशी लढलो. लोळण घेण्याचं बटण, ढाल, घोडा, बाटली. तिसऱ्या रात्री कधीतरी बोटं आपोआप चालायला लागली. लेथवर बऱ्याच दिवसांनी हात बसतो ना, तसंच.

दोन-तीन रात्री जुन्या भागात काढल्यावरही मजा येत नसेल, तर एक्स्पान्शन विकत घेण्याआधीच तुम्हाला उत्तर मिळालं. गोष्टीवर चालणाऱ्या गेममध्ये त्याच रात्री गेममधली नोंदवही, म्हणजे जर्नल, वाचून काढा, कोण मेलंय आणि कोण जिवंत आहे ते आठवेल.

स्टीमवरचे रिव्ह्यू बघू का? चांगल्या एक्स्पान्शनलाही लोक शिव्या घालतात.

बघा, पण वरचा शिक्का बघून थांबू नका. तक्रार कशाबद्दल आहे, ते वाचा.

'शॅडो ऑफ द एर्डट्री'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, त्या वर्षीच्या गेम ऑफ द इयरच्या नामांकनांतही ते होतं. तरी पहिल्या दिवसांत स्टीमवर शिक्का "संमिश्र" असा होता. तक्रारी मुख्यतः दोन होत्या, पीसीवर अडखळतं आणि फार अवघड आहे. पहिली तक्रार खरोखर तुमच्या कामाची, मशीन साधं असेल तर थांबायला हवं. दुसरीच्या मुळाशी गेलं पाहिजे. तिथल्या भूमीत जुन्या लेव्हलचा फारसा उपयोग होत नाही. स्कॅडूट्री फ्रॅगमेंट नावाचे ५० तुकडे सगळीकडे विखुरलेले आहेत, ते गोळा करून ताकद वाढवायची असते. जे सरळ बॉसवर धावले ते मार खाऊन रिव्ह्यू लिहायला बसले. जे फिरले त्यांना वाट सापडली. आठवड्याच्या आतच पॅच येऊन सुरुवातीच्या तुकड्यांचा जोर वाढवला गेला. तुम्हाला भटकायला आवडत असेल तर ती तक्रार तुमची नाहीच.

'स्टारफील्ड'च्या 'शॅटर्ड स्पेस'चं उदाहरण वेगळं. ३० सप्टेंबर २०२४ ला ३० डॉलरला आलं आणि स्टीमवर "बहुतांशी नकारात्मक" झालं. गोष्ट एकाच ग्रहावर घडते, किमतीच्या मानाने आटोपशीर आहे, आणि मूळ गेमची जी दुखणी होती ती तशीच राहिली. इथे वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी एकमेकींशी जुळत होत्या. शंभर लोक शंभर कारणांनी चिडलेले असतील तर फार मनावर घेऊ नका. सगळे एकाच जागी बोट ठेवत असतील तर त्या जागी काहीतरी आहे.

माझी आणखी एक सवय आहे. ज्यांना मूळ गेम आवडला होता पण एक्स्पान्शन आवडलं नाही, त्यांचं लिहिलेलं मी आधी वाचतो. त्यांची आवड माझ्याशी मिळती असते, त्यामुळे त्यांची नाराजी कामाची ठरते.

माझ्या मशीनवर मूळ गेम चालतो. मग एक्स्पान्शनही चालेलच ना?

असं गृहीत धरू नका. 'फॅन्टम लिबर्टी' पीएस४ आणि जुन्या एक्सबॉक्स वनवर आलंच नाही, मूळ गेम तिथे असूनही. पीसीवर २.० सोबत किमान गरजाही वाढल्या. १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, आणि साध्या हार्ड डिस्कऐवजी ७० जीबी जागा असलेली एसएसडी. एक्स्पान्शनच्या पानावर खाली गरजांची यादी असते, ती वेगळी वाचा. मूळ गेमच्या वेळी वाचली होती हे पुरत नाही.

दुबईहून मामांनी डिस्क आणलीय. इथून एक्स्पान्शन घेतलं तर जोडलं जाईल?

घेण्याआधी थांबा. प्लेस्टेशनवर डिस्क ज्या विभागासाठी छापलेली असते, त्याच विभागाच्या स्टोअरमधलं एक्स्पान्शन तिला लागतं. भाच्याच्या मित्राचं नेमकं असंच झालं. बाहेरची डिस्क, भारतीय खातं, एक्स्पान्शन डाउनलोड झालं पण गेममध्ये दिसेचना. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी जाऊन मी तासभर सेटिंग्ज उलटसुलट केल्या आणि मग डिस्कच्या खोक्याच्या कण्यावरचा विभागाचा कोड वाचला. त्या पोराने सुट्टीतल्या कामाचे पैसे त्यात घातले होते. त्याचा चेहरा बघवत नव्हता, आणि म्हणूनच हा प्रश्न मी यादीत घातलाय.

जुनी डिस्क विकत घेतानाही एक बघा. काही "संपूर्ण" आवृत्त्यांत एक्स्पान्शन डिस्कवर नसतं, खोक्यात कोडची चिठ्ठी असते. पहिल्या मालकाने ती वापरली असेल तर तुम्हाला फक्त मूळ गेम मिळतो.

सेलची वाट बघू का?

एकट्याने खेळायचा गेम असेल तर खुशाल बघा, गोष्ट कुठे पळून जात नाही. स्टीमचा उन्हाळी सेल जूनअखेरीस आणि हिवाळी सेल डिसेंबरअखेरीस असतो. मी स्वतः जूनच्या सेलमध्ये घेतो, कारण पुढे जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस लागला की रात्री घराबाहेर पडणं होतच नाही. गणपतीच्या दिवसांत मात्र कितीही स्वस्त असलं तरी घेत नाही, पडूनच राहतं.

सेलमध्ये "कम्प्लीट" आवृत्ती कधीकधी सुट्या एक्स्पान्शनपेक्षा स्वस्त मिळते, तेव्हा दोन्ही किमती बघा. स्टीमवर "बंडल" असेल तर तुमच्याकडे आधीच असलेल्या गोष्टी वजा होतात. "पॅकेज" असेल तर होत नाहीत, पूर्ण किंमत भरावी लागते.

आवडलं नाही तर पैसे परत मिळतात?

स्टीमवर मिळतात. अट अशी की घेतल्यापासून १४ दिवस झालेले नसावेत, आणि एक्स्पान्शन घेतल्यानंतर मूळ गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. इथे लोक फसतात. ते आधी घेऊन ठेवतात आणि मग मूळ गेममध्ये दरवाज्यापर्यंत पोचायला चार तास घालवतात. ते चारही तास मोजले जातात. त्यामुळे आधी नेमक्या दारापाशी जा, तिथे सेव्ह करा, गेम बंद करा, आणि मग पैसे भरा. असं केलंत की दोनही तास एक्स्पान्शनमध्येच जातात आणि तेवढ्यात अंदाज येतो.

जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर ३० दिवसांची मुदत आहे. प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलं की ती सोय संपते.

क्रॅक करून, म्हणजे चोरून फुकट मिळतंय की.

नको. सेव्ह आणि मशीन दोन्ही धोक्यात घालता, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांच्या हातात काही पडत नाही.

आमचा मुलगा दहावीत आहे, मागतोय. द्यावं का?

ताई, दादा, आधी वयाचा शिक्का बघा. 'विचर ३' आणि 'सायबरपंक' युरोपातल्या पेगी मानांकनात १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत, 'एल्डन रिंग' १६ वर्षांवरच्यांसाठी. पहिल्या दोनमध्ये रक्तपाताबरोबर शय्यादृश्यंही आहेत. परीक्षेचं म्हणाल तर मी सरळ सांगतो, मार्चनंतर द्या. आरपीजी एक्स्पान्शन "रोज अर्धा तास" या मापात बसत नाही. अर्ध्या तासात तो गोष्टीच्या ऐन मध्यावर असतो, आणि त्याला तिथून ओरडून उठवण्यात दोघांचीही संध्याकाळ खराब होते. आत्ता शब्द द्या आणि परीक्षा झाल्यावर तो नक्की पाळा.

घेतलं. आता पहिल्या रात्री काय करू?

डाउनलोड आदल्या रात्री लावून ठेवा. मूळ गेमचा एक सेव्ह वेगळा जपून ठेवा, जिथे हाताने सेव्ह करता येत नाही तिथे फाइलची कॉपी करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घ्या, पावसात वीज गेली की लिहिला जाणारा सेव्ह खराब होऊ शकतो.

आणि मुख्य गोष्टीच्या मागे लगेच लागू नका. 'ब्लड अँड वाइन'मधल्या तूसाँमध्ये पोचल्यावर पवनचक्कीपाशी एक राक्षस मारावा लागतो, तो मारला आणि त्यानंतर मी काहीच केलं नाही. मूळ गेममधल्या वेलेनच्या चिखलात, झाडाला टांगलेल्या प्रेतांखालून कित्येक तास घोडा हाकला होता. इथे ऊन होतं, द्राक्षांच्या ओळी होत्या, लांबवर टेकडीवर पांढरा राजवाडा दिसत होता. घोडा चालवत त्याच्याकडे निघालो, वाटेत दोनदा उतरून नुसता उभा राहिलो, आणि बाहेर पावसाचा आवाज चालू असताना साडेअकराला सेव्ह करून झोपलो.